एक्केचाळिसावी पाटी

लाम्पियास वैद्याला गोड बोलता येत नसे, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी नाक मुरडायला नको. आमच्या हालासार्ना गावात लोक म्हणत, ताप परवडला पण लाम्पियासचं तोंड नको. माणूस कण्हत दारात आला की हा आधी त्याची नखं बघणार, मग जीभ, मग डोळ्याची खालची पापणी ओढून बघणार आणि विचारणार, "काल काय गिळलंस?" खारवलेला मासा आणि वर ताजी दारू, असं उत्तर आलं की संपलंच. "मग माझ्याकडे कशाला आलास? माशाकडेच जा की दाद मागायला!"

पण एकदा औषध दिलं की तो त्या घरचा होऊन जाई. रोज सकाळी काठी टेकत जायचं, थुंकी बघायची, लघवी बघायची, पोट दाबायचं, रात्री झोप लागली का ते विचारायचं आणि घरी येऊन सगळं लिहून काढायचं. चुना लावून पांढऱ्या केलेल्या लाकडी पाट्या असत, एका रोग्याला एक. पहिला दिवस असा गेला, तिसरा तसा, सातव्या दिवशी घाम आला. आणि सर्वांत खाली दोनांपैकी एक गोष्ट: बरा झाला, नाहीतर मेला. "देवाघरी गेला" नाही, "नशिबानं दगा दिला" नाही. मेला म्हणजे मेला.

ही रीत थोरल्यांची. थोरले म्हणजे हिपोक्रॅटिस, दुसरे कोण? कुणाच्या बेटाला मोठं बंदर असतं, कुणाकडे संगमरवराचा डोंगर असतो, कुणी आपल्या पहिलवानांचे पुतळे उभे करून मिशीला पीळ देतं. आमच्या कोसवर थोरले जन्मले. त्यांना जाऊन तीन पिढ्या झाल्या, तरी आजही परक्या बंदरात "मी कोसचा" म्हटलं की समोरचा मान जरा खाली करतो. माझ्यासारख्या जाळी विणणाऱ्यालासुद्धा लोक पोटदुखीवर औषध विचारतात, आता बोला!

लाम्पियासला ह्या मानाची किंमत लहानपणीच कळली होती. त्याचा बाप समुद्रात बुड्या मारून स्पंज काढणारा. दांडगा माणूस, पण मधेच कधीतरी धाडकन पडे, तोंडाला फेस येई, हातपाय झाडी. गाव म्हणे ह्याच्यावर देवाचा कोप आहे. शेजारीण त्यांना विस्तव देईना, विहिरीवर बायका घागरी बाजूला ओढत. एक भगत येऊन बोकडाच्या रक्तानं त्याला आंघोळ घालून गेला, तरी पुढच्या पौर्णिमेला बाप पुन्हा पडला. मग शहरातून हेर्मियास वैद्य आले. ते बापाशेजारी बसले, त्याच्याच ताटलीतली अंजिरं खाल्ली आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "हा आजार आहे. बाकीच्या आजारांसारखाच. ह्याला कारण आहे, ते आम्हाला अजून नीट सापडलेलं नाही, एवढंच. थोरले हेच सांगून गेले. देवाला काय पोरंबाळं नाहीत की उद्योग नाही, तो ह्या गरिबाला रोज आपटायला येईल?"

बाप बरा झाला नाही. पण त्या दिवसापासून शेजारणीनं विस्तव दिला. लाम्पियास दहा वर्षांचा होता, आणि त्या अंजिरांसाठी तो हेर्मियासच्या पाठीमागे गेला तो बारा वर्षं गेला.

शिकला, शपथ घेतली, गावात परत आला, पार्मेनिस्काशी लग्न केलं. ही बाई म्हणजे त्याच्या तोंडाला तोड. लिहिता-वाचता येत नव्हतं, पण कुणाच्या घरी कोण कधी शिंकलं ते तिला ठाऊक. नवऱ्याचा तिला फार अभिमान. विहिरीवर कुणी म्हणालं, "तुझा नवरा फार वसकन अंगावर येतो गं," तर ही म्हणे, "वसकन येतो, पण रोज येतो. शहरातला तुमचा युदिकोस येतो का?"

युदिकोस हा शहरातला वैद्य. दाढीला अत्तर, हत्यारांना हस्तिदंती मुठी आणि एक वाक्य कायम ओठांवर: "तीस वर्षांत माझ्या हातून एक माणूस गेला नाही." लाम्पियास म्हणे, "कसा जाईल? रोगी मरायला टेकला की हा आपल्या नातेवाइकांना भेटायला परगावी जातो."

तर त्या वर्षी उन्हाळ्याच्या शेवटी समोरच्या किनाऱ्यावरच्या एका गावात तापाची साथ आली. गावाचं नाव सांगत नाही, तिथली माणसं मानी आहेत. त्यांनी कोसकडे वैद्य मागितला. आमच्याकडे वैद्य मागायला गावं येतात, हे काही नवल नव्हे. पण ज्याला पाठवतात त्याचं नाव त्या गावात दगडावर कोरलं जातं, आणि वैद्याच्या जन्मात ह्याहून मोठं काही नाही. कोसच्या सभेनं दोन नावं काढली, युदिकोस आणि लाम्पियास, आणि म्हटलं, त्या गावच्या दूतांनी स्वतः बघून ठरवावं.

लाम्पियास तेव्हा अठ्ठावन्न वर्षांचा. आजवर त्याचं नाव एकदाही निघालं नव्हतं. बातमी आली तेव्हा त्यानं अंगणात तीन फेऱ्या मारल्या आणि आल्यागेल्याला उगाचच दोनदा जीभ दाखवायला लावली. पार्मेनिस्कानं तर सगळं अंगण सडा घातल्यासारखं लख्ख करून ठेवलं, मधात तीळ घालून वड्या केल्या.

"अहो, पण ते काय बघणार?"

"पाट्या बघणार. पेटी उघडून सगळ्या वाचणार."

"मग झालंच की! त्या युदिकोसकडे आहे काय वाचायला?"

लाम्पियास "हं" म्हणाला. सुरूच्या लाकडाच्या त्या पेटीत दोनशेच्या वर पाट्या होत्या, आणि त्यांत एक्केचाळिसावी होती.

ती पाटी खार्मिलोसची. खार्मिलोस म्हणजे पार्मेनिस्काचा धाकटा भाऊ. आईविना पोर, तिनंच कडेवर वाढवलेला. बावीस वर्षांपूर्वी बंदरात दगडी नांगर वर चढवताना दोर तुटला आणि नांगर त्याच्या डोक्यावर उजव्या बाजूला आदळला. सतराव्या दिवशी तो गेला. पार्मेनिस्काला एवढंच माहीत होतं, की नवऱ्यानं जिवाचं रान केलं आणि दुखापतच तशी होती. ती हे सगळ्यांना सांगे. सांगताना डोळे पुसे, आणि नवऱ्याच्या हाताकडे अशा काही मायेनं बघे की लाम्पियास उठून बाहेर जाई.

पाटीवर खरं लिहिलेलं होतं.

दूत यायच्या दिवशी सकाळी ती वड्यांसाठी पानं आणायला मागच्या दारी गेली, तेव्हा लाम्पियासनं पेटी उघडली, एक्केचाळिसावी पाटी काढली आणि चुलीशी गेला. चूल पेटलेली होती. हातानं पाटी पुढे केली, पण सोडवेना. शपथ आठवली म्हणावं तर तसंही नाही. हेर्मियासची अंजिरं आठवली. शेवटी त्यानं ती पाटी जवाच्या रांजणामागे सरकवली आणि स्वतःला सांगितलं, जाळली तर नाही ना! आपलेच दात, आपलेच ओठ. हात दाखवून अवलक्षण कशाला?

ही त्याची लबाडी. पाट्यांच्या बाबतीत छत्तीस वर्षांत एकच, पण केली. मी त्याचा कितीही अभिमान बाळगला तरी ती गाळणार नाही.

दूत तिघे आले. त्यांचा म्होरक्या आर्खिदामोस, वाळलेला, थकलेला म्हातारा. सोबतचे दोघे अंगणातल्या बाकावर टेकले आणि टेकल्या टेकल्या पेंगायला लागले, इतके दमलेले. आर्खिदामोस मात्र पेटीशी बसला आणि एकेक पाटी वाचू लागला. गावातले पाच-पन्नास लोक कुंपणाबाहेर उभे. आमचा वैद्य तपासला जातोय म्हटल्यावर घरी कोण बसेल?

"इथे बरेच मेलेले दिसतात, वैद्य," आर्खिदामोस म्हणाला.

"इथे बरेच मरतात," लाम्पियास म्हणाला. "तुमच्याकडे कसं आहे?"

कुंपणाबाहेर कुणीतरी फिस्सकन हसलं. म्हाताराही किंचित हसला. "युदिकोस म्हणतात त्यांचा एकही दगावला नाही."

"मग त्यांनाच न्या. तुमचं दहनाचं लाकूड वाचेल."

"तोंड सांभाळा हो!" पार्मेनिस्का वड्यांची ताटली घेऊन येत कुजबुजली.

आर्खिदामोस वाचत राहिला. मग त्याचा हात थांबला. "चाळीसनंतर बेचाळीस कशी?"

"फुटली असेल," लाम्पियास म्हणाला. "जुनी आहे."

"फुटली बिटली काही नाही!" पार्मेनिस्का लगबगीनं आत गेली. "आज सकाळीच जव काढताना रांजणामागे बघितली मी. पडली असेल. अहो, एवढ्या मोलाच्या वस्तू आणि ठेवता कशा!" आणि ती बाहेर आली ती दोन्ही हातांत ती पाटी धरून, पदरानं पीठ पुसत, अगदी नव्या नवरीसारखी हसत. "ही घ्या. ह्यांचं एकही अक्षर राहता कामा नये. सगळ्या गावादेखत वाचा!"

तिनं ती नवऱ्याच्याच हातात दिली.

अजूनही वाट होती, बरं का. तिला अक्षर कळत नव्हतं. "घरातलं आहे, मयताचं आहे," म्हणून तो पाटी बाजूला ठेवता, तर म्हातारा आर्खिदामोस काही हिसकावून घेणार नव्हता. लाम्पियासनं बायकोच्या तोंडाकडे बघितलं. तिचा चेहरा अभिमानानं नुसता फुलला होता. तो अभिमान खोट्यावर उभा आहे हे एकट्या त्यालाच ठाऊक होतं. बावीस वर्षं तो ते सोसत आला होता, आणि त्या क्षणी त्याला ते आणखी एक घटकाही सोसवेना.

"ही मी वाचतो," तो म्हणाला.

"खार्मिलोस, वय एकोणीस. डोक्यावर उजव्या बाजूला दगड आदळला. पहिला दिवस: शुद्धीवर, ओकारी. दुसरा दिवस: कातडी बाजूला करून हाडावर काळी शाई लावली. तिसरा दिवस: हाड खरवडलं. सगळी शाई गेली, एक काळी रेघ राहिली."

आमच्याकडे कोळ्याच्या पोरालाही हे कळतं. हाड फुटलेलं असलं की शाई भेगेत शिरते आणि खरवडून जात नाही. मग वेळेत भोक पाडून आतलं दूषित रक्त बाहेर काढावं लागतं. पण कवटीला जन्मजात शिवणीही असतात, आणि शाई शिवणीतही शिरते. खुद्द थोरले ह्यात फसले होते. आणि त्यांनी काय केलं? स्वतःच्या हातानं लिहून ठेवलं: इथे मी चुकलो, शिवणीनं मला फसवलं. इतकं मोठं नाव, कोण विचारणार होतं त्यांना? तरी लिहिलं, पुढच्यानं फसू नये म्हणून. कोसचा प्रत्येक वैद्य सगळ्यांत आधी हे पाठ करतो. थोरल्यांच्या शंभर यशांपेक्षा आम्हाला त्यांची ही एक चूक प्यारी आहे.

लाम्पियासनं ती हजार वेळा पाठ म्हटली होती.

"मी म्हणालो, शिवण आहे," तो वाचत होता. "पाचवा दिवस: उठून बसला, जवाची पेज घेतली. नववा: हिंडला. तेरावा: ताप. चौदावा: डावा हात आकडला. पंधरावा: भोक पाडलं, पू निघाला, उशीर झाला होता. सोळावा: वाचा गेली. सतरावा: मेला."

खाली आणखी दोन ओळी होत्या.

"थोरल्यांना शिवणीनं फसवलं. मला शिवणीनं फसवलं नाही. ती भेग आहे असं मला तिसऱ्या दिवशी वाटलं होतं. पोर घरचं होतं, भोक पाडायला हात धजेना, म्हणून मी तिला शिवण म्हणालो."

बाकावरचे दोघे दूत जागे झाले होते. पार्मेनिस्का ताटली धरून तशीच उभी होती. मग तिनं ताटली खाली ठेवली, नीट, एकही वडी न सांडता, आणि नवऱ्यासमोर येऊन उभी राहिली.

"लाकडाला सांगितलंस," ती म्हणाली. छत्तीस वर्षांत पहिल्यांदाच ती त्याला अरे-तुरे करत होती. "बावीस वर्षं एका घरात राहिलो, एका ताटात जेवलो, आणि तू लाकडाला सांगितलंस? मी काय लाकडापेक्षा परकी?"

"तोंड नव्हतं मला," लाम्पियास म्हणाला. "आणि आज सकाळी ही मीच लपवली होती. तेही ऐकून ठेव."

आर्खिदामोस उठायला लागला. परक्याच्या घरातलं भांडण, कोण बसणार? पण पार्मेनिस्कानं हात वर करून त्याला बसवलं. आमच्या गावच्या बाईनं हात वर केला की दूत काय, राजाही बसतो.

"परत वाच," ती नवऱ्याला म्हणाली. "नवव्यापासून."

"पार्मेनिस्का..."

"वाच म्हणते ना!"

त्यानं वाचलं. नववा: हिंडला. तेरावा: ताप.

"अकरावा कुठे आहे?"

"अकराव्याला काही झालं नाही. म्हणून लिहिला नाही."

"झालं होतं." ती आता त्याच्याकडे बघत नव्हती, पाटीकडे बघत होती. "अकराव्याला सकाळी मी त्याला पेज भरवत होते. त्याचा डावा हात आपोआप उडाला. दोनदा. त्यानं माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे. म्हणाला, 'ताई, दाजींना सांगू नकोस, ते डोकं फोडतील.' मी हसले आणि त्याचा हात पदराखाली धरून ठेवला. तुम्ही दारात आलात, तिथूनच विचारलंत, 'कसा आहे?' मी म्हटलं, 'छान आहे.'"

लाम्पियासनं पाटीवर नववा आणि तेरावा ह्यांच्या मधे बोट ठेवलं.

"मलाही तीच भीती होती," ती म्हणाली. "बावीस वर्षं मी तुमच्या हातांकडे बघते आणि मनात म्हणते, ह्या बिचाऱ्यानं जिवाचं रान केलं, आणि मी त्याला आंधळं ठेवलं." मग तिनं पदरानं नाक पुसलं, आणि तिचा नेहमीचा विहिरीवरचा आवाज परत आला. "बोरू आणा. अहो, बघता काय? लिहा! अकरावा दिवस. डावा हात दोनदा उडाला. बहिणीनं बघितलं. बहिणीनं लपवलं."

"तुझं कशाला? वैद्याची चूक लिहायची असते, घरच्यांची नाही."

"कुणी सांगितलं? थोरल्यांनी? त्यांच्या वेळी मी नव्हते. लिहा! पुढच्या वैद्याला कळू दे, बायका बघतात आणि भितात. म्हणजे तो नुसता दारातून 'कसा आहे' विचारणार नाही. आत येऊन बसेल."

त्यानं लिहिलं. अक्षर वेडंवाकडं आलं. नववा आणि तेरावा ह्यांच्या मधे बोटभर जागा होती, त्यात ते कसंबसं मावलं. कुंपणाबाहेर आमच्या बाया डोळ्यांना पदर लावून उभ्या होत्या आणि पुरुष उगाच समुद्राकडे बघत होते.

आर्खिदामोसनं ती पाटी हातात घेतली, शाई वाळेपर्यंत धरली आणि पेटीत चाळीस आणि बेचाळीसच्या मधे ठेवली. "आमच्या गावात दर घरी एक निजलेला आहे," तो म्हणाला. "मला काल एकानं सांगितलं, सगळे वाचतील. ते ऐकून बरं वाटलं होतं. वैद्य, तुम्ही उद्या सकाळच्या गलबतानं याल का?"

लाम्पियासनं बायकोकडे बघितलं.

"जा," ती म्हणाली. "पण कोऱ्या पाट्या जास्त घेऊन जा. आणि परत आलात की आधी मला वाचून दाखवा, मग पेटीत ठेवा."

तो चार महिने तिकडे होता. परत आला तेव्हा निम्मा उरला होता आणि बरोबर एकशे सहा पाट्या होत्या. त्या गावानं त्याचं नाव दगडावर कोरलं, आणि एक दगड आमच्या अपोलोच्या देवळाशीही लावला. दगड चांगला आहे, येता-जाता मी त्याला हात लावतो. पण आम्हाला नाक वर करायचं असतं तेव्हा आम्ही पाहुण्याला दगडाकडे नेत नाही, एक्केचाळिसाव्या पाटीची गोष्ट सांगतो.

लाम्पियास गेला, पार्मेनिस्काही गेली. पेटी शहरात नेली, तिथे शिकणारे तिच्यातल्या पाट्या उतरवून घेतात. मागच्या वर्षी माझ्या सुनेला ताप भरला तेव्हा शहरातून एक नवा वैद्य आला. दाढीही नीट फुटली नव्हती. मी दारातच त्याला सगळं सांगायला लागलो, तर त्यानं मला हातानं थांबवलं, आत गेला, माझ्या बायकोसमोर जमिनीवर मांडी घालून बसला आणि म्हणाला, "आजी, घाई नाही. तुम्ही काय काय बघितलंत? आणि सांगायला भीती वाटते असं काही आहे का?"

मी विचारलं, "हे कुणी शिकवलं रे तुला?"

तो म्हणाला, "अकरावा दिवस. आम्ही सगळ्यांत आधी तो पाठ करतो."